पेठेतला पूर

शिवलीलेच्या पायाला भिंगरी आहे, असं तिचे अप्पा बसलिंगाप्पा गिऱ्हाइकाला गूळ दाखवता दाखवता सांगायचे. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. नव्वदच्या सुमारास फ्रॉकमधली ही पोर गणपतीच्या दिवसांत पेठेतल्या तालमीसमोर कमरेवर हात ठेवून देखाव्याच्या मूर्ती मांडणाऱ्या पैलवानांना सुनवायची, "त्यो राक्षस तिकडं सरकवा की! हिथनं दिसतच न्हाय." नवल म्हणजे पैलवान सरकवायचे. देखावा कुठला आणायचा, कुठं मांडायचा, लोकांनी कुठून यायचं, यात तिची नजर पक्की होती. पुढं तिनं कॉम्प्युटर क्लास काढला, तरी गणपती आले की क्लासला कुलूप.

२००६ साली तिनं तालमीचे अध्यक्ष बाळासो यांच्यामागं भुणभुण लावली. हलत्या मूर्ती बास झाल्या, आता लोक हलतील आणि चित्र त्यांचं ऐकेल! पांढऱ्या पडद्यावर पंचगंगा, समोर कॅमेरा. माणूस हलला की पाणी चढणार, थांबला की उतरणार. बाळासो कावले. "कर बाई एकदाचं. पर लोक रमलं न्हाईत, तर फुडच्या साली परत मूर्ती. आन् तुझी लुडबुड कायमची बंद."

शिवलीलेची चूक एकच झाली. पडदा तिनं गणपतीच्या शेजारीच मांडला. पहिल्या संध्याकाळी लोक आले, चपला काढल्या, हात जोडले आणि खांबासारखे उभे राहिले. पडद्यावरची नदी तळाला.

"बंद पडलंय काय?" कुणीतरी विचारलं.

"हात हलवा की, पावणं!" शिवलीला म्हणाली.

"देवाफुडं हातवारं करू व्हय?" म्हणत पाहुणे प्रसाद घेऊन चालते झाले. बाळासो खुर्चीत बसून मिशीत हसत होते. शिवलीलेचा जीव टांगणीला लागला. पोरपणापासून जीव लावलेलं एकुलतं एक काम डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं. ती पडद्यासमोरच येरझाऱ्या घालू लागली, स्वतःशीच चडफडत, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

आणि पाणी चढू लागलं.

रांगेत बयाबाई होती. गेल्या सालच्या पुरात हिची म्हैस दावणीला बांधलेलीच बुडाली होती. "अगं आई, चढाय लागलंय की!" ती ओरडली. "थांबा, मी वटी घेऊन येतो." म्हातारी घराकडं पळाली ती खण-नारळ घेऊनच आली. पूर आला की नदीची ओटी भरायची, हे काय तिला शिकवायला हवं होतं? तिनं पडद्यापाशी ओटी ठेवली आणि हळदकुंकवाची बोटं सरळ पडद्यावर उमटवली.

"मावशी, पडदा!" शिवलीला धावली. पाणी आणखी चढलं.

"हलू नगंस! तू हललीस की चढतंय!"

शिवलीला जागच्या जागी थांबली. मागची रांग थांबली. बयाबाई हात जोडून उभी राहिली. हळूहळू पाणी उतरलं, घाटाच्या पायऱ्या दिसल्या.

"मग म्हशीच्या वक्ताला का गं न्हाय ऐकलंस?" बयाबाईनं पडद्याला विचारलं आणि तिथंच रडायला बसली.

लोकांनी खेळावं एवढंच शिवलीलेच्या डोक्यात होतं, पाणी उतरण्याकडं तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यानंतर रोज रांग चौकाबाहेर गेली. माणसं हात हलवून पूर आणायची, मग हात जोडून तो उतरेपर्यंत उभी राहायची.

विसर्जनानंतर ती मोरीत पडदा घेऊन बसली. साबण लावणार तोच दारात बाळासो.

"धुतीस कशाला? कुंकू कुठं गेलं म्हणून फुडच्या साली बयाबाई मलाच धरंल की!"

शिवलीलेनं बादली ओतून दिली आणि ओल्या हातांनीच पुढच्या सालच्या मांडवाची जागा बघायला पळाली.