नांदेडला न जाणारा अंक

तुमच्या तालुक्याच्या पेपरात शेवटच्या पानावर जमिनीच्या जाहीर नोटिसा असतात. त्यातली एखादी तुम्ही शेवटची कधी वाचली? आठवत नसेल, तर तुमच्या न वाचण्याचे कुणीतरी पैसे मोजतंय, एवढं ध्यानात असू द्या.

मला ते लातूरच्या एका साप्ताहिकात कळलं. तिथं आम्ही दोघंच, संपादक आणि मी. मी पत्रकांवर वाढलेली. वडील मोर्च्यांची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. छापलेला कागद माणसाच्या हातात पोचला पाहिजे, हे घरात कुणी वेगळं शिकवलं नाही. साप्ताहिकात मात्र विक्रीतून छपाईसुद्धा निघत नव्हती. दुकानदारांच्या जाहिराती मोबाइलवर गेल्या होत्या. अंक तगला होता तो वकिलांच्या नोटिसांवर.

एका गुरुवारी एक वकील आले. मुरुडजवळच्या जमिनीचा सौदा ठरला होता, ते घेणाऱ्याचे वकील. टेबलावर कागद ठेवत त्यांनी विचारलं, "नांदेडला किती अंक जातात?"

"एकबी न्हाई," संपादक म्हणाले.

"मग तुम्हीच छापा. विकणाऱ्याची बहीण तिकडं दिलीय. उगं तिला कशाला तरास."

नोटीस मी टाईप केली. कोणाचा हक्क असल्यास सात दिवसांत लेखी हरकत घ्यावी, नंतर तक्रार चालणार नाही. विकणाऱ्याचं नाव आलं आणि हात थांबला. मी मुरुडची. ती बहीण शाळेत माझ्या एक वर्ग पुढं होती. वडिलांच्या जमिनीतला वाटा तिनं सोडलेला नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. दर राखीला त्यावरून भांडण व्हायचं.

"सर, तिला कळू नये म्हणून छापायलोत आपण."

"आपण छापायलोत. वाचायचं का न्हाई, ते लोकांनी बघावं. ह्या नोटिसा गेल्या तर पेपर बंद पडतो, पोरी. मग तुझ्या टाकीच्या बातम्या कोण छापणार?"

त्यांचं खोटं नव्हतं.  नुकतीच आमच्या बातमीमुळं एका वस्तीची बंद पडलेली पाण्याची टाकी सुरू झाली होती. दुसऱ्या कुठल्या पेपरानं ती बातमी घेतली नव्हती. अंक निघाला, आणि सातातले तीन दिवस मी नुसता विचार करण्यात घालवले. चौथ्या दिवशी अंक पिशवीत टाकून नांदेडची एसटी धरली.

स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं. तिनं मशीन थांबवून नोटीस दोनदा वाचली.

"ह्यो पेपर इकडं मिळतो का?"

"न्हाई."

"मग मी हरकत घेतली असती कशी गं?"

 तिनं शटर ओढलं आणि वकील गाठायला निघाली. सहाव्या दिवशी तिची हरकत पोचली.

आठव्या दिवशी ते वकील आमच्याकडं आले. आवाज चढवला नाही. "तुमचा अंक नांदेडला पोचायलाय म्हणे," ते म्हणाले. "मग आमच्या काय कामाचा?" छापायला दिलेल्या पुढच्या नोटिसा त्यांनी मागून घेतल्या आणि ते गेले.

मी संपादकांना सगळं सांगितलं. घरी जा म्हणतील, असं वाटलं होतं.

"विचारलं असतंस तर मी नको म्हणलो असतो," ते म्हणाले. "बरं झालं विचारलं न्हाईस. आता छपाईवाल्याला काय सांगायचं, ते बी तूच ठरव."

अजून ठरलेलं नाही. अंक आठ पानांवरून चारवर आलाय आणि किती आठवडे निघेल, सांगता येत नाही. त्या वकिलांनी आणखी कमी खपाचा पेपर शोधला असणार.

म्हणून मागते. या आठवड्यात तुमच्या तालुक्याचा अंक विकत घ्या, फुकट मागू नका. आधी शेवटचं पान उघडा. ओळखीचं नाव दिसलं, तर त्या घरच्या लेकीला, ती जिथं दिली असेल तिथं, त्याच दिवशी फोन करा. मी तीन दिवस उशीर केला होता.