फवारणीची वर्दी

इथं जपानात, मुलाच्या बिल्डिंगमागं एक म्हातारा कारली लावतो. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही. फळमाशी बसू नये म्हणून एकेका कारल्याला तो कागदाची पिशवी बांधत बसतो. मावा फारच वाढला तरच औषध मारतो, आणि आदल्या दिवशी दारोदार सांगत फिरतो.

काल आमच्या दारात येऊन वाकला. सून म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी फवारणी आहे म्हणतात. खिडक्या लावा, कपडे आत घ्या. चालेल ना?"

"एवढ्याशा वाफ्याला? त्याला म्हणावं, मी जन्मभर कारल्यावर पंप मारला, कुणाला विचारलं नाही."

तिनं ते सांगितलं नसावं. तेवढ्यात त्याला भिंतीवरचा आमच्या हिचा फोटो दिसला. तो फोटोपुढंही वाकला आणि तेच पुन्हा बोलला.

"आईंनाही सांगतायत," सून म्हणाली.

मी पंप मारायचो तेव्हा ही शेजारच्याच ओळीत वेल बांधत असायची. बाजूला हो, असं कधी म्हणालो नाही. पुढं छातीच्या दुखण्यानं गेली. कशानं झालं ते डॉक्टरला सांगता आलं नाही, मलाही कळत नाही.

आज सकाळी खिडक्या लावल्या. मग फोटो काढून आतल्या खोलीत नेला.