मोरपंखी ब्लाऊजची उजवी बाही

बारा मार्च, बुधवार. सकाळी अंगणवाडीतल्या पोरांची वजनं घेऊन रजिस्टर भरायचं आणि अकरा वाजता वनिताच्या दुकानाचं कुलूप उघडताना हजर राहायचं – दिवसाची कामं एवढीच होती.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. तापाने फणफणलेलं लेकरू मांत्रिकाकडे नेणाऱ्या आयांशी भांडून त्यांना दवाखान्यात नेणारी बाई आहे मी. तुमच्या या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचते आणि बहुतेक वेळा हसते. काट्यावर जेवढं वजन दिसतं तेवढंच लिहायचं, हा माझा नियम. वरून कोणी ‘थोडं वाढवून टाका हो’ म्हटलं तरी ग्रॅमभर वाढवत नाही. हे सांगायचं कारण पुढे येईल.

गाव बार्शीटाकळी तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण खटला अजून उभा राहायचा आहे. तुम्ही टीव्ही पाहत असाल तर नाव तुम्हाला माहीतच असेल. इथे लिहिते आहे ते सगळं सरकारी वकिलांना सांगून झालेलं आहे.

वनिता आमच्या गावची टेलर. एसटी थांब्याजवळ दहा बाय दहाची स्वतःची खोली, तेच दुकान. मागे प्लॉटचं लेआउट पडत होतं, ते पाडणाऱ्यांना रस्त्यासाठी ती खोली हवी होती, आणि ती देत नव्हती. मागच्या वर्षी जानेवारीत एका दुपारी ती दुकानातून गेली ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी नाल्याच्या काठी सापडली. अटक झाली तो आमच्याच गावातला, मोठ्या घरचा. आरोप सिद्ध व्हायचा आहे, म्हणून त्याच्याबद्दल एवढंच.

दुकानाचा पंचनामा झाला तेव्हा एक पंच मी होते. दुसरा ग्रामपंचायतीचा शिपाई – तो बाहेर तंबाखूचा खर्रा खात उभा राहिला आणि बोट दाखवलं तिथे सही केली. आत मी गेले. शटर अर्धं ओढलेलं, पंखा चालू, मशीनवर मोरपंखी रंगाचा ब्लाऊज. डावी बाही जोडलेली, उजवी अर्धीच, सुई कापडात रुतलेली. मी सांगत गेले आणि पोलीस जमादार लिहीत गेले. फोटोही निघाला. तो ब्लाऊज माझाच होता, भाच्याच्या लग्नासाठी टाकलेला. तेही मी लिहायला लावलं. मग सगळं जिथल्या तिथे ठेवून कुलूप लावलं, त्यावर लाख, आणि कागदाच्या पट्टीवर आमच्या सह्या.

पुढे त्या अर्ध्या बाहीला फार महत्त्व आलं. सरकारी बाजू म्हणते, तिला हातातलं काम टाकायला लावून कोणीतरी बोलावून नेलं. दुसरी बाजू म्हणते, ती काम आटोपून आपल्या मनाने निघून गेली. म्हणजे बाही अर्धी होती की नव्हती, यावर बरंच टांगलेलं.

दोन आठवडे चॅनेलवाले गावात होते. ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ असं ते दळण घेऊन चाललेल्या बाईला विचारायचे. मग ते गेले. आमच्या गावाच्या नावापुढे आपोआप ‘हत्याकांड’ लागायला लागलं. पोरींची स्थळं यायची थांबली. गावात त्यावर कोणी बोलत नसे… बायका बोलायच्या त्या फक्त कापडाबद्दल. प्रत्येकीचं काहीतरी आत अडकलेलं. “माहा जरीचा पीस आत हाय.” “माह्या पोरीचा साखरपुड्याचा हाय.” चौदा महिने हेच. एकीनेही दुसरीकडे शिवायला टाकलं नाही. बाजारातून काळा तयार ब्लाऊज आणायचा आणि तोच सगळ्या साड्यांवर. तालुक्यात कुठेही लग्न असलं की काळ्या ब्लाऊजवरून ओळखू यायचं – ह्या त्या गावच्या.

एक जण पारावर म्हणालाही, “बाई मेली, अन् यायले ब्लाऊजची पडली.” मी त्याला म्हटलं, “तुले कशाची पडली रे? तू तं तिच्या मयतीलेही आला नाहीस.”

शेवटी मीच अर्ज लिहिला. एकतीस बायकांच्या सह्या. ज्याला अटक झाली त्याच्या आईचेही दोन पीस आत होते. तिचं नाव घालायचं की नाही यावर अंगणवाडीत तासभर गोंधळ झाला. कापड तिचं, मग नाव तिचं – मी घातलं. कोर्टाने परवानगी दिली. कापड ज्याचं त्याला, आणि किल्ली वनिताच्या मुलीला.

मुलगी प्रणाली, एकोणीस वर्षांची. बडनेऱ्याला मामाकडे राहून अमरावतीत नर्सिंग शिकते. बाराला ती सकाळच्या गाडीने अकोल्याला आणि तिथून एसटीने आली. रोड झाली होती. मला म्हणाली, “मावशी, तारीख कवा लागन?”

“लागेल. तू परीक्षा दे नीट.”

“त्यायचा वकील म्हणते, पंचनामाच खोटा हाय. सुटते का वो तो?”

“पंचनामा मी केला आहे,” मी म्हटलं. तिला तेवढं पुरलं. तिला माझ्या शब्दाचा आधार होता, हे लक्षात ठेवा.

जमादारांनी कुलूप उघडायच्या आधी मी सील पाहिलं. लाख अखंड. पट्टीवर माझी सही – शाई उडालेली, पण कागद कुठे उचकटलेला नाही. शटर वर गेलं आणि चौदा महिन्यांची धूळ नाकात गेली. मशीनवर बोटभर जाड थर. सुईपासून रिळापर्यंत कोळ्याचं जाळं.

आणि मशीनवर कापड नव्हतं.

जमादारांच्या ते ध्यानातही आलं नाही. “तुमी नावं सांगा मॅडम, मी लिवतो. मले या ब्लाऊजातलं काही समजत नाई.” बाहेर बायकांची गर्दी. “आता मी मावीन का वो त्यात?” एक म्हणाली. दुसरी लगेच, “अवं, शिवलंच नाई तं मावायचं काय!” चौदा महिन्यांत त्या दारात पहिल्यांदा हसू आलं.

प्रणाली मांडणीवरचे गठ्ठे काढून देत होती. प्रत्येकाला वनिताने पिन लावलेली चिठ्ठी – नाव, माप. सगळे पीस जसेच्या तसे, घडीच्या रेघेवर पिवळे पडलेले. अटकेतल्याच्या आईच्या दोन पिसांवरचं नाव वाचल्यावर ते बाजूला ठेवून ती म्हणाली, “हे त्या घरी कोनी नेऊन द्या.” शेवटी सगळ्यात वरच्या फळीवरून तिने एक घडी काढली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मोरपंखी ब्लाऊज. पूर्ण शिवलेला. दोन्ही बाह्या, हुक, सगळं. त्यावर धुळीचा कण नाही.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “फोटोत तं बाही लटकून राह्यली होती ना?”

मी कापड पाहिलं. काठात एक बुट्टा विणतानाच चुकलेला, तो होता. माझंच कापड. प्रणालीने बाहीची कड उलटली आणि तुरपाईवरून बोट फिरवलं. वनिता डावखुरी होती, तिचे टाके उलट्या बाजूला झुकायचे. गावात तसे दुसरीला जमायचे नाहीत.

“आईचा हात हाय हा,” प्रणाली म्हणाली. रडली नाही. फक्त बोट पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. मग एकदम भानावर आली. “केसचं काय होईन?”

जमादारांनी बाहेरून विचारलं, “तुमचं काय मॅडम?” मी म्हटलं, “ब्लाऊज, एक.” त्यांनी लिहिलं. मी सही केली. खोटं काही नव्हतं त्यात… पण पूर्ण खरंही नव्हतं.

सगळे पांगल्यावर मी खोलीला एक चक्कर मारली. मागे खिडकी नाही. वरचा झरोका हातभर, त्याला जाळी, जाळीला जळमटं. लादीवर आमच्या आजच्या पावलांशिवाय एक पाऊल नाही. मशीन पायाचं, पण पायडलवरही धूळ.

घरी आले. यांना काही सांगितलं नाही. हे बातम्या लावून बसले होते. आतल्या खोलीत गेले, ब्लेड घेतलं. विचार अगदी सरळ होता. पंचनाम्यात अर्धं आहे ना, मग अर्धं करून टाकू. उजवी बाही निम्मी उसवायची, हुक काढायचे, पिशवीत ठेवून द्यायचं. कोणाला कळणार होतं? प्रणाली बोलली नसती. दुसऱ्या बाजूच्या हातात आपण होऊन कोलीत कशाला द्यायचं? चौदा महिने त्या पोरीने वाट पाहिली आहे.

उसवायचं म्हणून ब्लाऊज उलटा केला, आणि ब्लेड खाली ठेवलं.

इथे एक गोष्ट सांगावी लागते. वनिता गेल्यानंतर पाच महिन्यांनी माझं ऑपरेशन झालं, नागपूरला. गावात सांगितलं, गर्भपिशवी काढली. खरं तर डावा स्तन काढला. गाठ होती. हे यांना ठाऊक आणि मला. पोरालाही नंतर सांगितलं. बाकी कोणाला नाही. तयार ब्लाऊजमध्ये रुमालाची घडी घालायची आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा, तेवढ्यावर दिवस काढत होते. रुमाल सरकायचा. लेकरू काट्यावर ठेवायला वाकले की आधी हात छातीशी जायचा.

ब्लाऊजच्या उजव्या बाजूला छातीला आकार देणारे नेहमीसारखे टक्स होते. डाव्या बाजूला टक्स घातलेलेच नव्हते. त्या जागी आतून जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती पातळाचा खिसा होता, वरून उघडा, घडी आत बसेल असा. शिवण बाहेरच्या बाजूला वळवलेली – वणाला टोचू नये म्हणून. उलट्या झुकणाऱ्या बारीक टाक्यांनी शिवलेला. चिठ्ठीवर मात्र जुनंच माप होतं.

मी घातला. रुमाल त्या खिशात ठेवला, हुक लावले. हात वर केले, खाली वाकले, जमिनीवरून बादली उचलली. रुमाल हलला नाही.

भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटली. भल्या मोठ्या पाण्याच्या काठावर उभं राहिल्यावर माणूस उगीच गप्प होतो ना, तसं झालं. यांनी बाहेरून विचारलं, “काय करून राहिली एवढा वेळ?” मी म्हटलं, “काही नाही, ब्लाऊज घालून पाहते.” आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मलाच नवल वाटलं.

तिला जर काही करता येत होतं, तर भिंतीवर मारणाऱ्याचं नाव लिहून गेली असती. मशीनवर खूण ठेवली असती. तसं काही नाही. बाकी सगळे पीस तसेच ठेवून तिने हातातलं काम तेवढं पुरं केलं… आणि ते करताना, मी जिवंत माणसांपासून लपवलेलं तिने पाहिलं. कसं, ते मला माहीत नाही. मी झरोक्याची जाळी पुन्हा जाऊन तपासली आहे. जमादारांना सीलचा शिक्का कुठे ठेवतात ते विचारून झालं आहे. ऑपरेशनचे कागद कपाटात कुलपात असतात, ती किल्ली माझ्या कमरेला. डॉक्टर, पोलीस, विज्ञानाचे मास्तर, कोणी काही सुचवलं तर मी ऐकायला तयार आहे. आजवर कोणी सुचवलेलं नाही.

एक मात्र कळलं. ही शिवण मला उसवता येणार नाही. आणि उसवायची नाही, तर लपवायचीही नाही. संध्याकाळीच बडनेऱ्याला परतलेल्या प्रणालीला फोन केला – “उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याले ये. मी कोर्टापाशी भेटते.”

सकाळी मोरपंखी साडी काढली. चौदा महिने ती तशीच पडून होती. वर तो ब्लाऊज, पदर एकाच खांद्यावर, साडेसातची एसटी. सरकारी वकिलांच्या टेबलावर पंचनाम्याचा फोटो ठेवायला लावला आणि त्याच्या शेजारी माझा उजवा हात ठेवला. मग ऑपरेशनचे कागद काढले आणि सगळं सांगितलं, प्रणालीसमोर. तिने मध्येच माझा डावा हात धरला, नर्सिंगच्या पोरी धरतात तसा, मनगटाजवळ.

वकिलांनी फोटोतली बाही माझ्या बाहीशी ताडून पाहिली. म्हणाले, “बाई, हे कोर्टात कोणी मानणार नाही. उलट आपल्यावरच येईल.”

मी म्हटलं, “मानू नका. लिहून घ्या.”