जामाचं कण्हणं

मंदामावशी गेली त्याला सव्वा महिना होतोय. माणसं भेटायला येतात, शेवटी काही बोलली का म्हणून विचारतात. मी नुसती मान हलवतो... खरं असं, की ती बोलली नाही, ती कण्हली. मी भिंतीपलीकडे पेपर वाचत होतो आणि ते कण्हणं मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी उठलो नाही. का उठलो नाही हे सांगायचं, तर एका अमेरिकन पक्वान्नापासून सुरुवात करावी लागेल. लोकांना ती चेष्टा वाटेल, म्हणून आजवर कुणाजवळ बोललो नाही.

साठच्या दशकात मावशी शहरातल्या सदर भागात एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला होती. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी जॅम मागवला आणि मावशी पिशवीभर पेरू घेऊन हजर झाली. आमच्याकडे पेरूला जामच म्हणतात. मॅडम पोट धरून हसल्या आणि त्याच पेरूंचं त्यांनी आपल्या आजीकडचं एक गोड करून दाखवलं. फळं साखरेत रटरटू द्यायची, वर मैद्याचे मऊ गोळे सोडायचे आणि जड झाकण लावायचं. त्यांचे पूर्वज बोटीतून नव्या देशात उतरले तेव्हा घरात भट्टी नव्हती, विस्तवावर एक भांडं आणि रानातली आंबट फळं एवढंच होतं, त्यातून हे निघालं म्हणे. आत वाफ कोंडली की भांडं कण्हतं, म्हणून नाव ग्रंट. दुसऱ्या गावात त्यालाच स्लंप म्हणतात, कारण ताटलीत वाढलं की ते बसतं. मावशीनं दोन्ही नावं मराठीत आणली, कण्हणं आणि बसकण. "आधी कण्हते, मंग बसते," असं म्हणून ती स्वतःच खुदकन हसायची. मला ते वाक्य लहानपणीही आवडायचं नाही.

मॅडम मायदेशी परतताना ते बिडाचं भांडं मावशीला देऊन गेल्या. पुढे मी नोकरीसाठी महाल नावाच्या जुन्या वस्तीत तिच्याकडेच राहायला आलो, आणि जामाच्या दिवसांत दर रविवारी दुपारी आमच्या घरात ते भांडं कण्हू लागलं. पावणेरावणे आले की दचकायचे, आत कुणी आजारी आहे का विचारायचे. नियम एकच, आवाज थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. एकदा मी लावला तर बोटांवर उलथनं बसलं. "काहून उघडून राहिला गा? कण्हू दे त्याले. थांबलं का समजाचं, झालं."

यंदाच्या थंडीत ती जिन्यात मध्येच थांबायला लागली. छातीवर पंजा दाबून म्हणायची, गॅस झाला. एका सकाळी ओटा धरून उभी होती आणि एवढ्या गारठ्यात तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ. "कोनाले सांगू नको," ती म्हणाली, "डॉक्टर मले स्वयंपाकघरात पाय ठेवू देनार नाही. मंग मी दिवसभर करू काय?" मी ऐकलं. मला ते सोयीचंही वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. त्यानंतर घरात दोघांनीही तो विषय काढला नाही.

त्या रविवारी बाजारातून जाम मीच आणले होते. जेवणं झाली, ती आत गेली, मी पेपर उघडला. थोड्या वेळानं तो ओळखीचा, खोल आवाज सुरू झाला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं... हो, पाणी सुटलं. आवाज थांबला, पुन्हा आला, मग अगदीच थांबला. मी मनात म्हटलं, झालं. पेपरची घडी केली, फडताळातून दोन ताटल्या काढल्या आणि आत गेलो.

मावशी ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता. जाम पिशवीतच होते, आणि भांडं वर फळीवर, कोरडं.

परवाच्या रविवारी ते भांडं मी खाली काढलं. तिनं शिकवलं तसंच सगळं केलं, झाकण लावलं, शेजारी स्टूल घेऊन बसलो. ते कण्हायला लागलं आणि माझा हात झाकणाकडे गेला. या वेळी उलथनं मारायला कुणी नव्हतं. मी झाकण उघडलं, वाफ गेली, गोळे चिकट होऊन बसले. पुन्हा लावलं, पुन्हा आवाज आला, पुन्हा उघडलं. असं ते कधीच जमायचं नाही, मला ठाऊक आहे. नको जमू दे. पण आता कण्हण्याचा आवाज आला, की मला बसून राहता येत नाही.