मस्कतकाकांची शेड

एसटीतून उतरता उतरताच मस्कतकाका चिडलेले असत. दोन वर्षांनी गावी यायचे आणि घर गाठेपर्यंत बंद हापशी, शाळेची गळकी कौलं, सगळ्यांवर बोलत चालायचे. लाखांदूरजवळच्या आमच्या गावातून आखातात गेलेला हा पहिला माणूस. मागून गेलेल्यांनी टेपरेकॉर्डर आणि अत्तरं आणली. काकांनी तिकडच्या कमाईतून वेल्डिंगची मशीन घेतली आणि तळ्याच्या बांधाखाली टिनाची शेड उभारली.

"मी गेलो तं गेलो," ते म्हणत. "तुमी इथंच शिका, इथंच कमवा."

आम्ही आठ पोरं शिकायला जमलो. पण एकेकानं त्यांना बाजूला घेऊन व्हिसाचंच विचारलं. मीही विचारलं. काकांनी माझ्या हातात हातोडा दिला.

सुटी संपली. किल्ली सरपंचांकडे ठेवून ते परत गेले. दोन महिन्यांत शेडमध्ये सरपंचांच्या धानाची पोती लागली आणि मशीन त्यांच्या साळ्याच्या दुकानात लाखांदूरला गेली. ती बैलबंडीवर चढवायला मीच हात लावला. ग्रामपंचायतीत शिपायाची जागा देतो, असं सरपंच म्हणाले होते. ती जागा मला कधी मिळालीच नाही.

पुढच्या सुटीत काका आले, तेव्हा गावानं त्यांचा सत्कार ठेवला. सरपंचांनी त्यांना 'गावाचं भूषण' म्हटलं. खांद्यावरची शाल काढून काका म्हणाले, "मले शाल नोको. मशीन कुठी हाये?"

त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली, ठाऊक नाही म्हणून.

तीन दिवस शोधून त्यांनी मशीन परत आणली आणि शेड भरलेली म्हणून स्वतःच्या ओसरीत ठेवली. ती बंडीवर कोणी चढवली, हे दुकानदारानं सांगितलंच होतं. काका माझ्याकडे आले. "तू तरी सांगाले पायजे होतं," एवढंच बोलले आणि गेले. बंद हापशीवर संतापणाऱ्या माणसाला माझा रागही आला नाही.

त्याच वर्षी तिकडे बांधकामाच्या परांचीवरून पडून ते गेले. शोकसभेत सरपंच म्हणाले, शेडला काकांचं नाव देऊ. मी उठलो.

"आधी तुमचं धान बाहेर काढा," मी म्हणालो. "मशीन तुमीच पाठवली होती. बंडीवर मी चढवली."

मी तसाच शेडकडे गेलो, कुलूप तोडलं आणि पोती बाहेर ओढू लागलो. पाचव्या पोत्याला आमच्या आठांतले दोघं हात लावायला आले.