प्रेमिलामावशीचा दुसरा आवाज

आमच्या शाळेच्या बसमध्ये प्रेमिलामावशी गेली दहा वर्षं दाराजवळच्या सीटवर बसते आणि गेली दहा वर्षं गुणगुणते. दार उघडायचं, पोरांना हात धरून चढवायचं, विसरलेले डबे सांभाळायचे, मळमळणाऱ्याला खिडकी द्यायची, ही तिची नोकरी. गुणगुणणं नोकरीत येत नाही. पण कोराडीच्या पॉवर हाऊस कॉलनीतून बस निघाली की तिच्या ओठांतून तो एकच सूर सुरू व्हायचा. खालच्या पट्टीतला, लांबट, मध्येच थांबणारा आणि कुठेच न पोचणारा. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण बेसूर कळतं, असा माझा समज होता. बाई बेसूर आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून मोकळी झाले होते.

मी मुग्धा. शहरातल्या लूथरन प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवते. राहते कॉलनीत, म्हणून याच बसने जाते-येते.

पाचवी हा आमच्याकडे शेवटचा वर्ग, त्यामुळे तिचा थाट मोठा. पाचवीत पेन्सिल जाऊन पेन मिळतं. अपूर्णांकांची बेरीज येते आणि काही पोरांची झोप जाते. जिल्ह्याचा नकाशा न बघता काढावा लागतो. दर वर्षी निम्मी पोरं कन्हान नदी उलटी वाहवतात आणि काठावरच्या बिचाऱ्या खापा गावाला नदीपासून दूर कोरड्यात नेऊन बसवतात. शुक्रवारी बायबलमधलं एक वचन तोंडपाठ म्हणायचं असतं. आणि डिसेंबरात नाताळच्या कार्यक्रमात पाचवीचं गाणं असतं.

मागच्या डिसेंबरात गाणं बसवायला अंकुश सर होते, नवेच आलेले. त्यांना हार्मोनियमच्या पेटीत एक जुनी वही सापडली. तिच्यात शाळेतल्याच कुण्या मास्तरांनी बांधलेलं संध्याकाळचं एक गाणं होतं. ‘कोण येतं सांजवेळी पलीकडच्या काठाहून?’ अशी त्याची सुरुवात. गाण्याच्या ओळी पुऱ्या होत्या, पण त्यापुढची पानं वाळवीने खाल्लेली. जेवढं उरलं होतं तेवढं सरांनी बसवलं. चाल गोड होती, पण प्रत्येक ओळीनंतर मोठी रिकामी जागा यायची. तेवढा वेळ कुणी काहीच म्हणायचं नाही. पोरं तिथे एकमेकांना चिमटे काढायची.

कॉलनीतली अकरा पोरं पाचवीत होती. त्यांनी पहिल्यांदा बसमध्ये ते गाणं म्हटलं त्या दिवशी मावशी सीटवरून अर्धी उठली आणि पुन्हा बसली. मग तिचं गुणगुणणं सुरू झालं, नेहमीपेक्षा मोठ्याने. पोरं अडखळली, दोघं-तिघं हसली. मला राग आला. कार्यक्रम पंधरा दिवसांवर होता.

“मावशी, पोरांचा सूर बिघडून राहिला,” मी सगळ्यांसमोर म्हणाले. “तुम्ही जरा गप्प बसा ना.”

मावशी गप्प बसली. त्या दिवशी शाळेपर्यंत आणि परतीच्या वाटेवरही बसमध्ये नुसता इंजिनाचा आवाज होता. नऊ वर्षांची सवय, मला ते चुकल्यासारखं वाटत राहिलं.

संध्याकाळी शेवटचं पोर उतरलं आणि बसमध्ये मी, मावशी आणि ड्रायव्हर नत्थूभाऊ असे तिघेच उरलो, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मॅडम, ते गाणं मले येते. पण अर्धंच.”

मावशी आमच्याच शाळेत शिकलेली, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घरी बुद्धवंदना, शाळेत प्रभूची प्रार्थना, दोन्ही तिला सारखीच पाठ होती. त्या काळी पाचवीत गाण्याचे मास्तर वर्गाचे दोन भाग करत. पहिला आवाज हॉलमध्ये शिकायचा, दुसरा आवाज मागच्या कडुलिंबाखाली. दोघांनी एकमेकांचं ऐकायचं नाही, अशी सक्त ताकीद. कारण दुसऱ्या आवाजाला पहिला ऐकू आला की तो आपली वाट सोडून त्याच्यामागे पळतो. महिनाभर वेगवेगळं घोटायचं आणि एकदम कार्यक्रमाच्या दिवशी दोन्ही आवाज एकत्र उभे करायचे. त्या दिवशीच पोरांना कळायचं की आपण महिनाभर काय म्हणत होतो.

प्रेमिला दुसऱ्या आवाजात होती. कार्यक्रमाला आठ दिवस होते आणि तिच्या वडिलांना पॉवर हाऊसमध्ये काम लागलं, क्वार्टर मिळालं. सामान टेम्पोत भरून सगळे कोराडीला आले. शाळा बदलली. ते गाणं पुरं कसं होतं, ते तिने कधी ऐकलंच नाही.

“तेव्हापासून कोणतंही गाणं म्हणाले गेली का आवाज आपोआप खालीच जाते,” ती म्हणाली. “विहारात वंदनेले बाया मागं वळून पाहतात. नवरा म्हणे, तू घरात गाऊच नको वं.”

नऊ वर्षांपूर्वी शाळेच्या बसला बाई हवी म्हणून कळलं, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. दर डिसेंबरात वाट बघायची. दर डिसेंबरात पाचवी काहीतरी दुसरंच गाणं म्हणायची.

“एकदा पुरं आयकाचं होतं मले. पण आता भेव वाटते, मॅडम. सारे बेसूर म्हणतात. तुमी पण म्हटलं. चाळीस वर्षं मी चुकीचंच जपून ठेवलं असन तर?”

मी म्हटलं, “बघू.” घरी जाऊन कणीक मळली आणि स्वतःची समजूत घातली, की चाळीस वर्षांपूर्वीचं कुणाला धड आठवतं. खरं म्हणजे तिचं बरोबर निघालं तर माझं चुकलं असतं आणि ते मला नको होतं. मास्तरकीचा हा रोग आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. तलावावरचं धुकं आणि पॉवर हाऊसची वाफ एकत्र झाली आणि कॉलनीच्या फाटकापासूनच रस्ता दिसेना. समोर कोळशाच्या ट्रकांची रांग होती, तिचेही नुसते लाल दिवे तेवढे दिसत. नत्थूभाऊंनी बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. “आता दिसन तवा निघू,” ते म्हणाले.

खिडक्यांबाहेर काहीच नव्हतं. झाडं नव्हती, राखेचे ढीग नव्हते, शहर तर कुठे असेल असंही वाटत नव्हतं. बस जमिनीवर उभी आहे की तरंगते आहे, हे सांगता आलं नसतं. लहान पोरं झोपली. माझेही डोळे जड झाले. पाचवीतली खुशी म्हणाली, “मॅडम, गाणं म्हणू?” आणि अकरा पोरांनी सुरू केलं. कोण येतं सांजवेळी पलीकडच्या काठाहून?

मग ती रिकामी जागा आली. धुक्यात ती फार लांब वाटली. कुणीतरी काहीतरी विचारावं आणि घरातून कुणीच ओ देऊ नये, तसं झालं. मी मावशीकडे पाहिलं. तिने तोंडावर पदर धरला होता.

“मावशी, माझं चुकलं त्या दिवशी,” मी म्हणाले. “तुम्ही म्हणा.”

“नाई मॅडम. बिघडन.”

“बिघडू द्या.”

पोरांनी पुन्हा सुरू केलं. ओळ संपली आणि दाराजवळून, खालून, अगदी हळू आलं, “दिवा घेऊन... दिवा घेऊन...”

नऊ वर्षं जो सूर कुठेच पोचत नव्हता, तो नेमका तिथे येऊन बसला. पण पुढच्याच ओळीला निम्मी पोरं आपली चाल सोडून मावशीच्या मागे गेली आणि सगळा गोंधळ झाला. तेव्हा ही बाई, जिने नऊ वर्षांत पोरांवर कधी आवाज चढवला नव्हता, उभी राहून कडाडली, “कानात बोटं घाला सारे! दुसऱ्याचं आयकू नका! आपलं आपलं म्हणा!”

अकरा पोरांनी कानात बोटं घातली. मावशीनेही घातली, कडुलिंबाखाली घालायची तशी. आणि डोळे मिटून त्यांनी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. वर पोरं विचारत होती, खालून मावशी दिवा घेऊन येत होती. ऐकणारे आम्ही दोघंच, मी आणि नत्थूभाऊ. मी सरळ रडले. नत्थूभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “अन मी नऊ वर्षं समजून राहिलो का मावशीचा रेडिओ खराब आहे.”

मावशीने कानातली बोटं काढली. “जमलं का मॅडम?” तिने विचारलं. “पुरं कसं लागते आयकाले?”

तिने ऐकलंच नव्हतं.

मी शाळेत पोचल्या पोचल्या अंकुश सरांना गाठलं. पुढचे दहा दिवस मधल्या सुट्टीत निम्मी पाचवी कडुलिंबाखाली मावशीपुढे उभी असायची आणि खिडक्या बंद करून निम्मी हॉलमध्ये. मावशी फार कडक मास्तर निघाली. कार्यक्रमाच्या दिवशी बसची माणसं फाटकाशी थांबतात. मी तिला हाताला धरून आत नेलं आणि पुढच्या बाकावर बसवलं. पोरं कानात बोटं न घालता उभी राहिली. मावशीचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तोंड मिटलेलं होतं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. मग ती एवढंच म्हणाली, “असं होतं होय.”

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मावशी अजून दाराजवळ बसते आणि गुणगुणते, पण दुसरा आवाज नाही. तो पोरांना देऊन टाकला, म्हणते. आता ती पहिला गाते आणि मी खरं सांगते, पहिला आवाज ती ठार बेसूर गाते. नत्थूभाऊ आरशातून माझ्याकडे बघतात. तिची ओळ संपते, रिकामी जागा येते आणि मी खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणते, “दिवा घेऊन... दिवा घेऊन...”