सातव्या दिवशी ती गेली नाही

परवा लोअर परळला आमच्या मिलची भिंत पाडली. जुन्या चुन्याचा वास नाकात गेला आणि संपाच्या दिवसांतली माझी बायको डोळ्यांपुढे उभी राहिली.

शेजारचे एलोजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, माझ्याच खात्यातले. त्यांनी सांगितलं होतं, त्यांच्या पूर्वजांनी यरीहो नगराभोवती सात दिवस फेऱ्या घातल्या, शिंगं फुंकली आणि तट कोसळला. मी टाळ्या वाजवल्या. बायकोनं मनावरच घेतलं. वडाला घालतात तशी रोज अनवाणी मिलला फेरी घालायला लागली. सहा दिवस झाले.

सातव्या सकाळी तिनं विचारलं, "भावजी, तट पडल्यार आतल्या माणसांचा काय झाला?"

एलोजी खाली बघून म्हणाले, "वहिनी, एक घर सोडून सगळे कापले. पोरंसुद्धा. देवाचाच हुकूम होता."

तिनं हातातला नारळ खाली ठेवला. माझ्याही अंगावर काटा आला. तरी ओरडलो, "आजचा एकच दिवस राहिलाय, जा!"

"वॉचमनाची दोन पोरां आत ऱ्हवतत," ती म्हणाली. "माका नको."

संप बुडाला. तुझ्यामुळेच हरलो, असं मी मूर्ख तिला कित्येक वर्षं तोंडावर म्हणायचो. ती ऐकून घ्यायची. यंदा ती गेली. आता कुणाला सांगू, की तुझंच बरोबर होतं?